रेघेच्या वरचं पाणी

त्या माणसाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. उगीच नव्हे. घर विकणाऱ्याने भिंतीतली ओल रंगाखाली दडवली होती, नळवाल्याने जुनाच पाइप नवा म्हणून बसवला होता. त्यामुळे लेकीसाठी परसातला छोटासा पोहण्याचा तलाव भरून घेतला आणि पाणी रोज उतरायला लागलं, तेव्हा त्याने तलाव सांभाळणाऱ्यालाच धारेवर धरलं. भेगा बुजवल्यात, गळती नाही, असं तलाववाला शपथेवर सांगत होता.

"मग पाण्याला काय पाय फुटतात?"

तलाववाल्याने हुज्जत घातली नाही. त्याने तलावातल्या बुडालेल्या पायरीवर एक बादली ठेवली, तलावाच्याच पाण्याने भरली, आणि बादलीतल्या पाण्याची रेघ बादलीच्या आतून, तलावाच्या पाण्याची बाहेरून मारली. दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं तर ते ऊन पितंय. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती. तोवर कुणी पाण्यात उतरायचं नाही, असं बजावून तो गेला.

लेकीपुढे असलं बजावणं टिकतंय होय? ऊन कलताच ती बापाच्या गळ्यात पडली आणि पाण्यात उतरली. बाप काठावर बसून रेघांवर पहारा देऊ लागला.

बाहेरचं पाणी रेघेच्या वर चढलं होतं. चांगलं अर्धं बोट.

त्याचं डोकंच फिरलं. लबाडी झाकायला कुणीतरी गुपचूप पाणी सोडलं! पण भरायच्या नळाला कुलूप होतं, आणि किल्ली त्याच्याच खिशात. त्याने फोन लावून तलाववाल्याला फैलावर घेतलं. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, पोरगी आत आहे का? मग चढणारच. तिला बाहेर काढा आणि बघा.

हा वरमला, पण दाखवलं नाही. लेकीला बाहेर घेऊन पंच्यात गुंडाळलं. एवढ्यात बायको आली. टबात गरम पाणी काढून ठेवलंय, निवायच्या आत चला, म्हणाली. वर टोमणा होताच, "झाली का चौकशी? कुठे मुरतंय पाणी?"

त्याचं लक्ष नव्हतं. लाटा निवल्या. पाणी जरासं उतरलं, पण रेघेला टेकलं नाही.

"अजून वरच आहे," तो फोनवर म्हणाला.

 तलाववाला अगदी हळू म्हणाला, "साहेब... आणखी कोण आहे आत?"

तळाची फरशी न् फरशी दिसत होती. सावली नाही, बुडबुडा नाही. क्लोरीनच्या वासाखाली मात्र दुसरा एक वास होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटासारखा. जन्मभर लोकांना खोटं पाडणाऱ्या त्या माणसाला आता वाटलं, कुणीतरी आपल्याला खोटं पाडावं. त्याने लेकीला मागे ओढलं.

आणि पाणी उतरलं. जराही न हलता रेघेला येऊन टेकलं.

तिघंही काठावर उभी होती. त्यांच्या पाठीमागे घराचं दार सताड उघडं होतं. आतून काठोकाठ भरलेल्या टबातलं पाणी फरशीवर सांडल्याचा आवाज आला.

"नळ... बंद केला होतास ना?"

बायकोने होकारार्थी मान हलवली. सांडणं थांबलं. मग कुणी नीट टेकून बसल्यावर होते, तशी आत एक छोटीशी डुचमळ झाली.