अर्ध्या बोटाची उंची

"तू फणस आहेस की वटवाघूळ?"

प्रश्न मुळात जिजाचा. त्यावर पैज लावली रुपीने. आणि विचारायला पुढे झाली रुकसाना, कारण बारावीत गेल्यापासून आपण कशाला म्हणजे कशालाच भीत नाही, असं तिने स्वतःच सगळ्या वर्गाला ऐकवून ठेवलं होतं. मग आता मागे कशी सरणार?

शिरपामाळावर दिवाळीनंतरचं कोवळं ऊन पसरलं होतं. गवत पिवळं पडायला लागलेलं, दरीतून गार वारा वर येत होता, आणि जांभळीच्या आडव्या फांदीला एक मुलगा दोन्ही हातांनी लोंबकळत होता. डोळे मिटून, अगदी निवांत.

त्याने एक डोळा उघडला. खाली कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक लांबलचक मुलगी, आणि तिच्यामागे तोंडावर रुमाल दाबून हसणाऱ्या दोघी.

"फणस," तो म्हणाला. "पिकलो की आपोआप पडेन. तोवर खाली उभी राहू नकोस."

"आणि पिकणार कधी?"

"जानेवारीत. तेव्हा भरती आहे."

एवढं बोलून त्याने खाली उडी मारली, तो तिच्यासमोर नीट उभा राहिला, आणि… तिच्या कानापर्यंत आला. जिजा आणि रुपी तर गवतातच बसल्या हसून हसून. मुलगा मात्र लाजला नाही. मान वर करून त्याने रुकसानाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, की तुमचं हसणं चालू द्या, पण तुझ्या केसात ढग अडकलाय.

तिने हात लावून पाहिलं. कापसाचा पुंजका होता. तय्यब गादीवाल्याच्या मुलीच्या केसात दुसरं काय सापडणार? पण त्याला ढग म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. पैज जिंकल्याचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

मुलाचं नाव अनीस. रफीक कल्हईवाल्याचा थोरला. राहायला जव्हारच्याच बाजारपेठेच्या टोकाला, पण वर्षाचे आठ महिने बापाबरोबर गावोगाव, जामसरपासून पार पोशेऱ्यापर्यंत. डोक्यावर भट्टी फुंकायचा भाता, खांद्यावर नवसागराची पिशवी. आता मात्र पाड्यापाड्यावर स्टीलची भांडी आली होती आणि पितळेला कल्हई लावायला फारसं कुणी बोलवत नव्हतं. त्याला हवाई दलात जायचं होतं. उडायला नव्हे, विमानं दुरुस्त करायला. आदल्या वर्षी नाशिकच्या भरतीत तो लेखी परीक्षा पास झाला, धावण्यात पास झाला, आणि मग उंची मोजायची पट्टी खाली आली, किमान उंचीच्या खुणेवर थांबली, ती डोक्याला टेकलीच नाही. मध्ये अर्ध्या बोटाची फट राहिली.

"लहानपणापासून डोक्यावर भाता," तो हसून म्हणायचा. "वाढणार कुठून? वरून बापाने झाकण लावलं होतं."

तेव्हापासून तो लटकत होता. आणि त्या दिवसापासून रुकसानाला शिरपामाळाची हवा फार मानवायला लागली. अभ्यास तिथे छान होतो, असं ती अम्मीला सांगायची. पुस्तक उघडं असायचं हे खरं… पण वाऱ्याने पानं उलटली तरी तिला कळायचं नाही. तो फांदीवरून बोलायचा, ती खालून. तसं बोलताना उंचीचा प्रश्नच यायचा नाही. त्याच्या बोटांच्या टोकांना कथलाची चंदेरी झाक असायची, आणि तो जवळून गेला की नवसागराचा तिखट वास नाकात शिरायचा. आधी तिला शिंक यायची. पुढे पुढे तो वास आला नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

त्या साली सगळ्या गावालाच आभाळाचं वेड लागलं होतं. एप्रिलमध्ये आपल्या हवाई दलातला माणूस अंतराळात जाऊन आला होता. न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी त्याचा फोटो, पोरांच्या डोक्यावर डालड्याच्या डब्याचं शिरस्त्राण, आणि ज्याच्याकडे टीव्ही आहे तो तर गावाचा राजाच. आज त्या दिवसांची आठवण झाली की वाटतं, आभाळ तेव्हा जरा खालीच आलं होतं, जव्हारच्या कौलांवर टेकेल इतकं.

शाळेत मधु सरांनी अख्खा तास त्यावर घेतला. मुलींना वाटलं होतं, तिकडे मजाच मजा असेल. सरांनी ती सगळी मजा उतरवली. तिथे वजन नसतं, म्हणून पहिले दिवस मळमळतं, खाल्लेलं टिकत नाही. अंगातलं पाणी वर चढतं, चेहरा सुजतो आणि पाय काटकुळे होतात. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, म्हणून स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन व्यायाम करावा लागतो. आपल्या माणसाने योगासनं करून पाहिली म्हणे. परत आल्यावर आपल्याच पायांवर उभं राहणं जड जातं. आणि या सगळ्याची तयारी इथे, जमिनीवर करायची, गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसून, डोकं खाली करून झोपून. जाता जाता सर सहज म्हणाले की पाठीच्या मणक्यांमध्ये ज्या मऊ चकत्या असतात त्यांच्यावरचा भार तिथे निघतो, त्या फुगतात, आणि माणूस दोन बोटं उंच होतो.

वर्ग हसला. रुकसाना हसली नाही.

घरी आली तेव्हा अब्बा दुकानात एक जुनी गादी पिंजत होते. दिवसभर बसून बसून गादी बसते, आणि रात्रभर मोकळी ठेवून सकाळी ऊन दाखवलं की पुन्हा वर येते, हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. तिने त्या गादीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पाठीवर हात नेला. मग चप्पल न घालताच ती बाजारपेठेच्या टोकाकडे पळाली.

अनीसला तिने एकच सांगितलं. उद्या सकाळी उठल्या उठल्या भिंतीपाशी उभा राहा आणि खूण कर. संध्याकाळी भाता वाहून आलास की पुन्हा कर.

तिसऱ्या दिवशी तो अम्मीची कल्हई केलेली देगची द्यायला दुकानात आला. अब्बांना सलाम केला, देगची ठेवली, आणि जाता जाता, ओठ न हलवता म्हणाला, "सकाळी मापात बसतो. संध्याकाळी नाही."

आता अडचण एवढीच होती की भरती नाशिकला. एसटीत बसून ते सगळे खड्डे खात गेला तर तो पोहोचेपर्यंत पुन्हा होता तेवढाच. झोपून जायला हवं होतं, अगदी पट्टीखाली उभं राहायच्या क्षणापर्यंत झोपून. आणि योग असा, की नाशिकच्या एका बोर्डिंगच्या गाद्या अब्बांना भरतीच्याच आठवड्यात पोहोचवायच्या होत्या, लाडक्या ड्रायव्हरच्या टेम्पोतून. रुकसानाने अब्बांना सगळं समजावलं. अब्बांना अंतराळाचं फारसं कळलं नाही, पण माणसाच्या पाठीत गाद्या असतात हे त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी त्याच्यासाठी सगळ्यात चांगली गादी बाजूला काढली.

रुकसानालाही बरोबर न्यायचं ठरलं. ते मात्र अम्मीने ठरवलं. नाशिकला खाला, म्हणजे अम्मीची बहीण, राहत होती, आणि तिने तिच्या मुलासाठी रुकसानाला मागणी घातली होती. एकदा मुलगी येऊन जाऊ दे, मग हो की नाही ते कळवा, असा निरोप होता. अम्मीच्या मनात 'हो'च होतं. मुलगा चांगला, सायकलचं दुकान, आणि मुख्य म्हणजे रुकसानाहून उंच. ताडासारख्या वाढलेल्या या पोरीला शोभेल असा मिळतोय कुठे?

निघायच्या दिवशी उजाडता उजाडता रफीकचाचा आणि लाडक्या यांनी अनीसला अंथरुणासकट उचलून बाहेर आणलं. हात छातीवर, चादर गळ्यापर्यंत. समोरच्या ओट्यावर एक बुजुर्ग दात घासत होते. त्यांनी ते पाहिलं, घाईघाईने तोंड धुतलं, टोपी चढवली आणि काही न विचारता खांदा द्यायला पुढे आले. मागून आणखी दोघे आले. एका घरातून रडण्याचा आवाजही सुरू झाला. शेवटी अनीसनेच चादरीतून डोकं काढून, चाचा, मी भरतीला चाललोय, असं सांगितलं. बुजुर्ग इतके दचकले की त्यांनी आधी अनीसला दुवा दिली आणि मग भरपूर शिव्या.

टेम्पो निघाला. केबिनमध्ये लाडक्या, मध्ये अब्बा, खिडकीशी रुकसाना, आणि तिच्या पाठीमागे बिनकाचेची छोटी झडप. पलीकडे गाद्यांच्या थरावर तो उताणा. त्याला फक्त आभाळ दिसत होतं, म्हणून रस्ता तिने सांगायचा असं आपोआपच ठरून गेलं. धुक्यात म्हशी उभ्या आहेत. एका म्हशीच्या पाठीवर बगळा आहे. आता मोखाडा आला, बाजाराचा दिवस आहे, बायका नाचणीच्या टोपल्या घेऊन उतरतायत. तहान लागली तेव्हा झोपूनच पाणी कसं प्यायचं, ही पंचाईत आली. तिने पपईच्या पानाचा पोकळ देठ आणून ठेवलाच होता. तिकडे वरची माणसंसुद्धा नळीनेच पितात, असं तिने ऐटीत सांगितलं.

अब्बा मोखाड्यानंतर घोरायला लागले. तोरंगणच्या घाटात वळणं सुरू झाली आणि मागचा आवाज बंद पडला.

"अनीस… मळमळतंय?"

"अंतराळात गेलोय. पहिला दिवस आहे."

तिने झडपेतून आवळकाठी पुढे केली. त्याने ती घेतली, पण बोटं लगेच सोडली नाहीत. कथलाची झाक असलेली ती बोटं गार पडली होती.

"रुकसाना, भरती झालो तर मी लांब जाणार. वर्षातून एकदा सुटी मिळेल, मिळाली तर."

"माहितेय."

"तू आज खालाकडे का चाललीस, तेही माहितेय मला. अख्ख्या बाजारपेठेला माहितेय." मग तो म्हणाला, "तू सांगितलंस तर मी आत्ता उठून बसतो."

"काय?"

"नाशिकपर्यंत बसून जाईन. पट्टी टेकणार नाही. परत येईन, भाता आहेच. तू फक्त 'ऊठ' म्हण."

रुकसानाच्या ओठांवर तो शब्द आला होता. एवढासा शब्द. तो उच्चारला की संपलं. मग रोज शिरपामाळ, रोज नवसागराचा वास, आणि तो कायमचा इथेच, तिच्या नजरेसमोर. तिने मागे वळून पाहिलं. उतारावर डोकं खाली झाल्याने त्याचा चेहरा लाल आणि फुगलेला दिसत होता. भुवईवर कापसाचा तंतू बसला होता. आणि डोळे… ते तिच्याकडे नव्हते. वर, आभाळाकडे होते. त्याने विचारलं होतं ते खरंच मनापासून. पण वर्षभर तो ज्यासाठी लटकला, ते तिकडे वर होतं.

तिने झडपेतून हात घालून तो तंतू उचलला.

"पडून राहा," ती म्हणाली.

"म्हणजे जाऊ?"

"म्हणजे जा. आणि आता बोलू नकोस, मला रस्ता बघायचाय."

रस्ता तिला दिसत नव्हता. डोळे सारखे भरून येत होते. लाडक्याने गिअर बदलला आणि पुढचा प्रत्येक खड्डा असा काही चुकवला, जणू मागे काचसामान आहे.

नाशिकच्या मैदानावर रांग मोठी होती. अनीस रांगेत गादीवरच आडवा. पुढचा माणूस सरकला की लाडक्या आणि अब्बा गादी ओढायचे. पोरं हसली, टोमणे झाले, कुणी विचारलं की नवरदेव थकला का. अब्बांनी सगळ्यांना आपल्या दुकानाचा पत्ता दिला. नाव पुकारल्यावर अनीस उठला, चार पावलं चालला आणि ताठ उभा राहिला. कुंपणाबाहेरून रुकसानाने डोळे मिटून घेतले. तिला स्वतःलाच कळत नव्हतं, आपण काय मागतोय.

पट्टी टेकली.

अब्बांनी लांबूनच हात वर केला. अनीस मैदानाच्या मध्यावर उभा राहून कुंपणाकडे बघत होता, हसत होता, आणि बाहीने डोळे पुसत होता. तिने हात हलवला. मग अब्बांबरोबर खालाकडे गेली, शिरखुर्मा खाल्ला, विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. खालाचा मुलगा खरंच चांगला होता. त्याने तिला गेटपर्यंत सोडलं आणि अभ्यासाबद्दल विचारलं. चूक कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी घरी रात्रीचं जेवण झाल्यावर अम्मीने विषय काढला. दस्तरखान उचलताना ती सहजच बोलल्यासारखं म्हणाली, की बहिणीला काय कळवू? मुलगा तुझ्या उंचीला शोभतो.

रुकसाना उठून उभी राहिली. असं बोलताना उभंच राहायला हवं, असं तिला वाटलं.

"खालाला नाही म्हणून कळव, अम्मी. तिच्या मुलात काही खोट नाही, पण नाही. बारावी झाली की मी नाशिकला जाणार, सायन्स घेऊन, आणि वसतिगृहात राहणार. शिकून झालं की मी अनीसशी लग्न करणार. त्याला अजून सांगितलेलं नाही. सुटीवर येईल तेव्हा सांगेन."

अब्बांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. अम्मीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि तिला सुचलं ते एवढंच.

"अगं, पण तो तुझ्या कानाला लागतो."

"सकाळच्या मापाचा तो हवाई दलाने घेतलाय," रुकसाना म्हणाली. "मला संध्याकाळच्या मापाचा चालेल."