चार तासांचं अंतर

"आईचं शेवटचं हसू कोणासाठी होतं, ते मला शोधून द्या," बाई म्हणाल्या आणि कसंबसं रडू आवरत खुर्चीत बसल्या.

गुप्तहेराने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मदतीला असलेला त्याचा मेहुणा कान टवकारून बसला.

आई आठवड्यापूर्वी गेली होती. शेवटच्या दुपारी ती खिडकीतून खाली बघत एकसारखी हसत होती. समोरच्या बसथांब्यावर कोणीतरी बसलं होतं, एवढंच नर्सने पाहिलं होतं.

"घरात आणखी कोण होतं?"

"मी आणि नर्स, बस. बारा वाजता भावाला फोन केला, आईचं काही खरं नाही, निघ. बिचारा तसाच विमानात बसला. चारला दारात हजर. पण आई साडेतीनलाच गेली."

"विमानाला किती वेळ लागतो?"

"चार तास."

"अर्ध्या तासाने हुकलं हो!" मेहुणा हळहळला.

गुप्तहेर मेहुण्याला घेऊन त्या बसथांब्यावर गेला.

थांब्यामागच्या औषधवाल्याला तो माणूस आठवत होता. "टोपी घातलेला, पायाशी बॅग. बसमागून बस गेली, पण हा चढेना. दोनदा आत येऊन विचारून गेला, तुमचं घड्याळ बरोबर आहे ना?"

"कोणाची तरी वाट बघत असेल, भाऊजी."

"मग रस्त्याकडे बघेल. घड्याळाचं काय काम?"

भाऊ बहिणीकडेच उतरला होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"तुमच्या शहरात विमानतळ घराजवळ आहे का?" गुप्तहेराने सहज विचारलं.

"कुठलं जवळ! दीड तास मोडतो. इथे उतरल्यावर पुन्हा तासभर." मग त्याने एकदम विषय बदलला.

संध्याकाळी गुप्तहेराने बहीण, भाऊ आणि मेहुणा अशा तिघांनाही आईच्या खोलीत बसवलं. नर्स दाराशी उभी राहिली.

"विमान हवेत चार तास असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याआधी दीड तास, नंतर एक तास, शिवाय तपासणीची रांग. आणि फोन ठेवल्यापासून दारात यायला चारच तास? घरातून घरात उडणारं विमान मी तरी पाहिलेलं नाही."

मेहुण्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे हे विमानात बसलेच नाहीत!"

"याच शहरात होते. समोर बसून विमान पोचायची वाट बघत होते."

"मग हिशोब तरी नीट करायचा!"

"हिशोब पाठ होता. मलाच सांगितला की. चार तासांपुढे धीर निघेना, एवढंच."

भावाची मान खाली गेली. "नोकरी जाऊन वर्ष होत आलं, ताई. आई सगळ्यांना माझं कौतुक सांगायची. कोणत्या तोंडाने येणार होतो? इथून दोनच थांबे पुढे खोली घेऊन राहिलो. तुझा फोन आला तसा धावत आलो... पण इतक्या लवकर कसा आलास म्हणाली असतीस, तर काय सांगणार होतो?"

"दोन थांबे," बहीण म्हणाली. "डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती ती तुझी."

"त्यांनी ओळखलं होतं," नर्स चाचरत म्हणाली. "मी म्हटलं, खाली जाऊन कोण ते बघू का? तर म्हणाल्या, नको गं, अवघडेल तो. त्याचा तो येईल. मला वाटलं, भ्रमात बोलतायत."

"मला काहीच कळलं नाही," भाऊ म्हणाला.

"हात हलवला होता त्यांनी. तुम्ही वर बघितलंच नाहीत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बहीण उठली. तिने पायांत चपला सरकवल्या.

"चल, ऊठ. कुठे राहतोस ते दाखव मला."