किल्लीच्या खोलीतलं एक मिनिट

रविवारची दुपार होती, जेवणानंतरची, सुस्तावलेली. भुताखेतांची वेळ नव्हेच ती. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, शेजारच्यांचा टीव्ही उगाचच मोठ्याने चालू होता, आणि लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा एक माणूस आपल्याच घरात, आपल्याच मुलीच्या खोलीच्या दाराशी चोरासारखा उभा होता. काम तसं साधंच होतं. तिच्या कॉम्प्युटरवरून चार अनोळखी पोरांना एकच गोष्ट विचारायची होती. तुमच्यापैकी कुणाकडे माझ्या मुलीचा आवाज आहे का?

आता तुम्ही म्हणाल, आजच्या काळात कुणाचा आवाज नसतो? पण नव्हता हो. फोटो ढीगभर होते. व्हिडिओ काढायला गेलं की मात्र ही बया तोंडावर हात धरून पळायची. जे काही असेल ते तिच्या फोनमध्ये होतं, आणि तो फोन तिच्याबरोबरच एका टेम्पोच्या चाकाखाली गेला. रस्ता ओलांडत होती. कानावर हेडफोन होते, हॉर्न ऐकू आला नाही. ते हेडफोन बापानेच आणून दिले होते. का, तर घरात दिवसभर चालणारी तिच्या गाण्यांची ढुंईढुंई बंद व्हावी म्हणून.

लिफ्टच्या खड्ड्यात नुसतं उभं राहून कुठल्या मजल्यावरचं दार घासतंय हे सांगणारा हा माणूस. कानाच्या जोरावर पोट भरलेलं. पण गेले काही महिने मुलीचा आवाज आठवायला बसला की काही केल्या आठवेना. शब्द आठवत. ‘बाबा, एकदा ऐका ना.’ आवाज मात्र दर वेळी थोडा अजून पुसट. एके दिवशी तो साफ जाईल या भीतीने त्याचा जेवणावरची वासनाच उडाली होती. माणूस दोनदा मरतो का हो? त्याला वाटायचं, पहिल्या वेळी टेम्पोवाल्याने मारलं, दुसऱ्या वेळी मी मारतोय.

“तिच्या वस्तूंना हात लावू नका,” बायकोने कधीचं बजावून ठेवलं होतं. कॉम्प्युटरची वायर तिने पोरगी गेली त्याच आठवड्यात भिंतीतून काढून गुंडाळून ठेवली होती. आज बायको आतल्या खोलीत आडवी झाली होती. त्याने बाहेर खिळ्यावर टांगलेला आपला किल्ल्यांचा जुडगा सवयीने चाचपला, तो आहे म्हणून धीर आल्यासारखा आत शिरला, दार लोटून घेतलं आणि वायर जोडली.

खोलीत कोंदट वास होता. त्याखाली, अगदी तळाशी, तिच्या खोबरेल तेलाचा.

कॉम्प्युटरचा पडदा उजळला तो थेट तिच्या त्या मंडळींच्या पानावरच. चालू केला की तेच पान उघडेल असं पोरीने करून ठेवलं होतं. ‘पारवा’ नावाचा कुणी एक गायक. गायक तरी कसा म्हणायचा? यंत्रावर गाणी बनवायचा, करड्या टोपीआड तोंड लपवायचा. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या पोरापोरींनी आपल्या गटाला नाव दिलं होतं ‘ढाबळ’, कबुतरांच्या खुराड्यावरून. आणि दिवसरात्र नुसती किचकिच! नवीन गाण्यात तिसऱ्या कडव्यामागे वाजतं ते शिट्टी की किटली, यावर दोघांची जुंपली होती. एकजण लिहीत होता, ‘माझ्या फ्रिजला आयुष्यात पहिल्यांदा दाद मिळाली, आज त्याला गोडधोड ठेवतो.’ कुणी ‘अर्धी झोप’ नावाची मुलगी सगळ्यांच्या खोड्या काढत होती. आणि ‘मुकादम’ नावाचा एक, वयाने जरा मोठा असावा, दर थोड्या वेळाने सगळ्यांना दटावत होता.

त्याला गंमत वाटली. इथे बसून ती हसायची. दाराबाहेरून तो ओरडायचा, ‘एकटीच काय खिदळतेस गं?’

इथे तिचं नाव होतं ‘किल्ली’. एका बोटाने अक्षरं शोधत त्याने लिहिलं: ‘मी किल्लीचा बाबा. ती आता नाही. अपघात झाला. तुमच्याकडे तिचा आवाज असेल तर द्या.’

सगळी किचकिच एकदम थांबली.

मग एकेक उमटत गेलं. ‘काका…’ ‘काका, आम्हाला माहीतच नव्हतं हो…’ अर्धी झोपने लिहिलं, ‘मी रोज तिला शिव्या घालत होते, उत्तर देत नाही म्हणून. काका, मला माफ करा.’ बाप असा रडला नव्हता कधी कुणासमोर, पण तिथे कुणी बघत नव्हतं. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि परत विचारलं, ‘आवाज आहे का?’

नव्हता. ती फक्त लिहायची. एकाने म्हटलं, ‘ती सांगायची, माझा आवाज घोगरा आहे, मी बोलणार नाही.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘तुमच्याबद्दल खूप लिहायची, काका. म्हणे जिन्यात किल्ल्या वाजल्या की कळतं बाबा कितव्या मजल्यावर आले ते. म्हणूनच तर नाव घेतलं किल्ली.’

घोगरा. हो, घोगराच होता! तेवढ्याने त्याला क्षणभर आठवल्यासारखं झालं, आणि पुन्हा निसटलं.

मग मुकादमाने लिहिलं, ‘काका, आवाज नाही, पण तिची खोली आहे.’

ती त्यांच्यातली एक रीत होती. नव्या गाण्याआधी पारवा सगळ्यांना सांगायचा, आपल्या खोलीचं एक मिनिट मला पाठवा. पंखा, खिडकी, जे वाजेल ते वाजू दे. तुम्ही मात्र खोलीत गप्प बसायचं, अवाक्षर काढायचं नाही. त्या सगळ्या खोल्या तो एकमेकींवर रचायचा आणि त्यावर गाणं बांधायचा. पाठवलेली मिनिटं मुकादम जपून ठेवायचा. किल्लीचंही होतं.

‘पाठवू का?’

‘पाठव बाळा,’ त्याने लिहिलं. टेबलावर तिचे जुने हेडफोन होते, एका बाजूचा स्पंज गेलेले. ते त्याने कानावर चढवले.

आधी फ्रिज. त्याच्याच घरचा, झटका देऊन थांबणारा. मग खिडकीची सैल कडी. तिला ‘उद्या बघतो’ म्हणत त्याने वर्ष काढलं होतं. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, कुणाचातरी श्वास. सावकाश, जपून घेतलेला, नियम पाळणाऱ्या पोरासारखा. त्याने डोळे मिटले. देवा, एवढं तरी मिळालं.

मग दार करकरलं. जड पावलं आत आली. पलंग कुरकुरला. एक पुरुष हुंदके देत रडायला लागला, आणि रडता रडता म्हणाला, “बाळा… एकदा बोल ना गं… एकदाच…”

आवाज त्याचा होता.

हे तो बोलला होता, याच खोलीत, याच पलंगावर. बायको बहिणीकडे गेली होती त्या दिवशी. पोरीला जाऊन तेव्हा कितीतरी महिने लोटले होते.

ध्वनिमुद्रणात तो रडत होता आणि कानाशी तो श्वास वाढत चालला होता, भरून आल्यासारखा. शेवटी कुणीतरी तोंड उघडलं, बोलायला म्हणून हवा आत ओढली… आणि मिनिट संपलं.

त्याने घाईघाईने एकेक अक्षर शोधलं. ‘हे कधी आलं?’

‘मागच्या महिन्यात,’ मुकादमाने लिहिलं. मग विचारलं, ‘काका… ती कधी गेली म्हणालात?’

त्याने सांगितलं. कुणीतरी लिहिलं, ‘मला घाम फुटलाय.’ कुणीतरी लिहिलं, ‘तिचा कॉम्प्युटर कुणी वापरतं का?’ त्याने भिंतीकडे पाहिलं. वायर त्याने आज, स्वतःच्या हाताने जोडली होती.

आता दुसरा कुणी असता तर खोलीतून धूम ठोकली असती. पण बापाला भीती नाही वाटली. त्याच्या मनात एकच आलं, की पोरगी तिथेच बसली होती. मी ‘बोल, बोल’ म्हणून गळा काढत होतो आणि ती बिचारी नियम आहे म्हणून गप्प राहिली. लहानपणापासून तशीच. बाईंनी तोंडावर बोट ठेवायला सांगितलं तर घरी येईपर्यंत ठेवायची.

त्याने लिहिलं, ‘तिला बोलायची परवानगी द्या ना.’

मुकादमाने सांगितलं, ‘काका, तिथला माईक उघडा. खाली डावीकडे लाल खूण आहे, ती दाबा. आम्ही सगळे ऐकतो.’ आणि त्याखाली, ठळक अक्षरांत: ‘किल्ली, तुला बोलायची मुभा आहे.’

खूण हिरवी झाली. तो श्वास रोखून बसला. शेजारचा टीव्ही, खिडकीची कडी. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, म्हणजे बायको उठली होती. बाकी काही नाही. लिफ्टच्या खड्ड्यात आणायचा तसा त्याने जीव कानात आणला. काही नाही.

‘काका,’ अर्धी झोपने लिहिलं, ‘ती बोलतेय.’

‘मला ऐकू येत नाही.’

‘तुमच्या अगदी जवळ आहे. घोगरा आवाज आहे. काका, खरंच ऐकू येत नाही तुम्हाला?’

त्याने हेडफोन फेकून दिले. मान वळवली, इकडे, तिकडे. पलंग रिकामा. खिडकीचा पडदा स्थिर. तेलाचा वास मात्र आता तळाशी नव्हता, नाकासमोर होता. “बाळा,” तो पुटपुटला, “बोल… मी ऐकतोय… इथेच आहे बघ…” आणि घाईघाईने टाइप केलं, ‘काय म्हणतेय? सांगा ना कुणीतरी, काय म्हणतेय?’

‘एकच वाक्य. पुन्हा पुन्हा. बाबा, एकदा ऐका ना.’

अपघाताच्या त्या संध्याकाळीही ती तेच म्हणाली होती. पारव्याचं नवीन गाणं आलं होतं. तो मोरीतला नळ खोलून बसला होता. ‘आलो, आलो,’ म्हणाला आणि पान्हा फिरवत राहिला. ती दारात थोडी थांबली, मग हेडफोन कानावर चढवून ‘बरं, येते मी’ म्हणत निघून गेली. आणि आज तो सगळं सोडून आला होता, बसला होता तिच्या खुर्चीत, आणि जगातल्या कुठल्या कुठल्या खोल्यांतून परकी पोरं तिला ऐकत होती. एकटा तो ऐकू शकत नव्हता. त्याने टेबलावर डोकं आपटलं. या कानांना काय जाळायचंय!

डोकं वर केलं तेव्हा पडद्यावर नवीन ओळी होत्या.

‘काका, तुम्ही तिला आत्ता काय म्हणालात?’

‘काही नाही,’ त्याने लिहिलं. ‘मी गप्प आहे.’

‘तुम्ही म्हणालात, आलो. दोनदा. ती हसली.’

त्याने ओठांना हात लावला. ओठ मिटलेले होते.

‘आता किल्ल्या वाजतायत,’ मुकादमाने लिहिलं. ‘दोघांची पावलं आहेत. लांब जातायत. काका, तुम्ही कुठे निघालात? काका?’

“अहो!” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. “चहा टाकलाय ना मी. आता या वेळी कुठे निघालात?”

तो खुर्चीतच दाराकडे वळला. बाहेरचं दार लागल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला, तेवढाच. बायको पदराला हात पुसत आली, लोटलेलं दार तिने उघडलं, आणि खुर्चीत त्याला पाहून ती जागच्या जागी थिजली.

“तुम्ही… इथे?” ती म्हणाली. “मग आत्ता दारात बूट घालत होतं ते…”

तिने येऊन त्याचा दंड धरला, घट्ट, जणू हाही उठून जाईल. दोघं तशीच बाहेर आली. जिन्यात कुणी नव्हतं. भिंतीवरचा खिळा मोकळा होता.

किल्ल्यांचा तो जुडगा आजतागायत सापडलेला नाही. त्याने घर उलथंपालथं केलं. कॉम्प्युटर रोज लावून बसतो, माईक उघडतो, ढाबळीतली पोरं बिचारी कान लावून ऐकतात आणि लिहितात, ‘काका, आज पण फक्त फ्रिज.’ तिचा बाप एकदाचा तिच्याबरोबर गेला, आणि हा इथे राहिला. त्याला कधीकधी राग येतो त्या दुसऱ्याचा. इतकं कसं सोपं होतं त्याला, हाक आली की उठून जाणं?

किल्ल्या गेल्या म्हणून त्याने कुलूप बदलायला माणूस बोलावला, तर बायकोने त्याला दारातूनच परत पाठवलं.

“कुलूप राहू द्या तेच,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे किल्ली आहे. येतील तेव्हा दाराबाहेर उभं राहायला नको.”

संध्याकाळी तिने चहा केला. चार कप मांडले.