केतकीचं एक वाक्य

केतकीच्या प्रबंधात तिचं स्वतःचं एकही वाक्य उरलं नाही, हे सदानंद मयेकरला शिमग्यानंतरच्या सोमवारी फोनवर आलेल्या निरोपातून कळलं. केतकी, त्याची बायको, जाऊन सहा वर्षं झाली होती. आज ती पुन्हा गेली. होडी तशीच सोडून तो विद्यापीठात आला.

विद्यापीठाने विद्यार्थ्यांचे सगळे प्रबंध कुणालाही घरबसल्या वाचायला खुले केले होते. जुन्या माहितीने कुणाचा घात होऊ नये म्हणून ते ‘जिते’ ठेवत. जिता प्रबंध म्हणजे नवं संशोधन आलं की यंत्र त्यातलं जुनं वाक्य काढतं आणि मूळ लेखकाच्याच धाटणीत नवं घालतं. केतकीचा विषय होता खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कधी विषारी होतात हा. बायका त्या काढायला चिखलात उतरण्याआधी फोनवर तिचा प्रबंध बघत.

“मॅडम, एवढ्या मोठ्या पुस्तकातलं एक वाक्य ठेवता आलं नाही तुम्हाला?”

जित्या प्रबंधांचं काम बघणाऱ्या डॉ. नसरीन मुकादम यांनी त्याच्यापुढे चहा सरकवला. “मयेकरभाऊ, सप्टेंबरातल्या तिसऱ्या चालतील असं त्यांनी लिहिलं होतं. तेव्हा बरोबरच होतं. आता खाडी तापलीय. ते वाचून कुणी खाल्ल्या तर?”

“मग सप्टेंबर तेवढा बदला! बाकीचं काय विषारी होतं?”

“एक बदललं की शेजारचं खटकतं. मग तेही बदलतं.” त्यांनी संगणक पुढे ओढला. “मूळ प्रतीतलं एक वाक्य वारसाला परत आणून कायमचं राखता येतं. धोक्याचं नको, एवढंच. सांगा, कुठलं?”

त्याला आठवावं लागलं नाही. “ओहोटी लागली की आधी चिखल ऐकावा, मग त्यात हात घालावा.”

मॅडमनी शोधलं आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

“हे यंत्राचं आहे, भाऊ. त्या गेल्यावर दोन वर्षांनी आलंय.”

“काय बोलताय! होडीत माझ्यासमोर म्हणाली ती. हात चिखलाने भरलेला होता तिचा.”

“प्रबंध रोज वाचता?”

“रोज. जेवण झालं की.”

त्या हलकेच म्हणाल्या, “मूळ प्रतीतलं त्यांचं खरं एखादं दाखवू?”

पडद्यावर आलं : ‘नमुने भरतीरेषेजवळून गोळा केले.’

त्याने ते पुन्हा वाचलं. कुणाचंही असू शकलं असतं.

“हे तिचं?”

“हे त्यांचं.”

दवाखान्यात शेवटी केतकी त्याला म्हणाली होती, “घाबरू नकोस, पाणी परत येतं.” त्याच्या जिभेवर ते आलं. प्रबंधात ते आहे का, हे मॅडम तिथल्या तिथे सांगू शकल्या असत्या. त्याने विचारलं नाही.

घरी आल्यावर तिचा आवाज आठवायला बसला, तर जे जे आठवलं ते सगळं वाचल्यासारखं वाटलं.

मॅडमचा अधूनमधून फोन येतो. वाक्य निवडायचं अजून राहिलंय.