शंभराला ऐंशी

काटेवाल्यानं आधी काटा ओळखला आणि मग ती बघितली. हे त्याच्या काटेदुरुस्तीच्या धंद्याला धरूनच झालं. काउंटरवर ठेवलेला तो स्वयंपाकघरातला पांढरा, चपटा, बॅटरीवरचा काटा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला आणि तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका... सहा आठवड्यांपूर्वी तो त्याच्याच हातातून गेला होता. फक्त तेव्हा घेऊन आलेली बाई वेगळी होती.

"हा खोटं बोलतोय," ती म्हणाली. "निदान मला तरी तसं वाटतंय."

आवाज शांत होता, पण काट्यावरचा हात तिनं काढला नव्हता. लांब बोटं, नखांच्या कडेला सुकलेली खळ. मग नजर वर गेली तर डोळे थेट त्याच्यावर रोखलेले. असे डोळे समोर असताना माणसानं खरं बोलावं, एवढं त्याला त्याच क्षणी कळलं. कळलं आणि त्यानं मान खाली घातली.

"नक्की काय होतंय?"

"मला मधुमेह आहे. सात वर्षं झाली. भात, पाव, बटाटा, फळं, हे तोलल्याशिवाय मी तोंडात घालत नाही. खाते थोडंच, आणि जेवढं खाते त्या मापानं इंजेक्शन घेते. सात वर्षं गणित बरोबर सुटत होतं. आता सहा आठवडे साखर वर म्हणजे वरच. डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन वाढवलं. म्हणाले, खरं सांगा, मधूनमधून डब्यांवर हात मारता ना?" ती थांबली. "मी नाही मारत."

काटेवाल्याची नजर त्या लाल ठिपक्यावर गेली.

सहा आठवड्यांपूर्वी आली होती ती हिची आई. "आमची बारकी वाळत चाललीये हो," असं म्हणाली होती. "पाखराएवढं खाते. हा काटा जरा कमी दाखवील असं करून द्या. शंभराला ऐंशी. तिला कळायचं नाही, आणि दोन घास जास्त जातील पोटात." आजाराचं नाव तिनं काढलं नव्हतं. काटेवाल्यानं आधी साफ नाही म्हटलं. दुकानदारांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे काटे तो दुरुस्त करायचा. काटा खोटा करून दे म्हणणारे महिन्याला दोन तरी यायचे आणि आल्या पावली परत जायचे. पण या बाईनं वाद घातला नाही. स्टुलावर बसून ती रडली, आवाज न करता, चष्मासुद्धा न काढता. आणि वडिलांच्या हाताखाली शिकल्यापासून कधी केलं नव्हतं ते काम त्यानं दहा मिनिटांत करून दिलं. पाचशे ग्रॅमचं वजन ठेवलं आणि यंत्राला सांगितलं, हे चारशे. दया दाखवायला वेळ लागत नाही, चौकशी करायला लागतो. भल्या माणसानं चौकशी केली नाही.

"बघतो," म्हणत तो काटा घेऊन आत गेला. तेच वजन ठेवलं, या खेपेला खरा आकडा सांगितला. बाहेर येताना "हे मीच केलं" असे शब्द त्याच्या ओठांवर होते. तोंडातून निघालं ते असं, "थोडी धूळ होती. बाकी ठीक आहे."

"म्हणजे दोष काट्याचा नव्हता?"

"...नाही."

"म्हणजे माझाच." ती हसली. परीक्षेत नापास झालेली मुलं घरच्यांसमोर हसतात तसं होतं ते हसू. "झोपेत उठून खात असेन. कोण जाणे."

ती गेल्यावर काटेवाला बराच वेळ त्याच वजनाशी चाळा करत बसला. मनात आलं, धावत जाऊन सांगावं. पण आता काटा तर नीट झालाय, साखर आपोआप जाग्यावर येईल, मग कशाला कुणाच्या आईला उघडं पाडायचं? मन असं फार हुशार असतं, आपल्या सोयीचं ते बरोबर शोधून काढतं.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. चालण्यातच आनंद दिसत होता.

"तुमच्या हाताला गुण आहे. साखर खाली आली."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी काटेवाल्यानं ती शाबासकी पिऊन टाकली.

ती मागच्याच रस्त्यावरच्या वाचनालयात पुस्तकं बांधायची. उसवलेली, पाठ मोडलेली, पोरांनी पानं फाडलेली पुस्तकं तिच्या टेबलावर यायची आणि धडधाकट होऊन जायची. दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्याच्या दुकानात येऊ लागली. कारण सांगायची, की इथे काटे आहेत, तोलायला सोपं जातं. कारण दोघांनाही पटण्यासारखं होतं.

"दिवसभर मैद्याची खळ शिजवता म्हणे," तो एकदा म्हणाला.

"शिजवते ना. दिवसभर हात मैद्यात, आणि पोटात मैद्याचा कण नाही. देव असेल तर विनोदी असला पाहिजे."

"नाशपती किती ग्रॅम हवी?"

"साठ. पण तो सोनारांचा काटा आहे ना? त्यावर नाशपती तोलायची?"

"त्यावरच. तुमच्या डब्यातली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच दिसतेय."

ती लाजली नाही, फक्त फोड उचलताना तिची बोटं त्याच्या तळहाताला लागली आणि तिनं ती लगेच मागे घेतली नाहीत. बाहेर भुरभुर पाऊस होता. काचेवर पाणी ओघळत होतं... आणि काटेवाल्याला स्वच्छ कळलं की आपण हिच्या प्रेमात पडलो आहोत, पार नाकातोंडात पाणी जाईपर्यंत. आनंदानं त्याला धड हसता येईना, कारण त्या नाशपतीच्या फोडीइतकंच खोटंही दोघांच्या मध्ये ठेवलेलं होतं.

घरचं ती तुकड्यातुकड्यानं सांगायची. वडील पडले तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले. आईची दिवसरात्र धावपळ. सुट्ट्या लागल्या की भाऊ, वहिनी आणि दोन पोरं आठ दिवस राहायला येणार, आणि वडिलांना कुणी कुठे ठेवायचं यावरून जेवायच्या टेबलावर खडाजंगी होणार.

"आमच्याकडे भांडण झालं की माणसं एकमेकांना वाढतात," ती म्हणाली. "बोलता येत नाही म्हणून वाढतात. मी नको म्हटलं की त्यांना वाटतं, मी त्यांनाच नको म्हणतेय. आई तर रडायलाच येते." जरा थांबून म्हणाली, "तुम्ही एकटेच आहात, ज्यांनी मला कधी आग्रह केला नाही."

काटेवाल्यानं डब्याचं झाकण तिच्याकडे सरकवलं. त्याच्याइतका जबरदस्त आग्रह तिला आजवर कुणी केला नव्हता, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

भाऊ येणार होता त्या दिवशी डबा बंद करताना ती सहज बोलून गेली, "हल्ली साखर जरा जास्तच खाली जाते. काल हात थरथरले, गोड गोळी चघळावी लागली. घरात साफसफाई काढलीये, त्यानं असेल."

"इंजेक्शन... वाढवलेलंच घेताय अजून?"

"हो. डॉक्टर आता सुट्टीनंतरच भेटतील. तेवढ्यानंच तर साखर आटोक्यात आली ना?"

काटेवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंजेक्शन वाढलं ते खोट्या काट्यावर. काटा खरा झाला, ताटातला भात कमी झाला, आणि इंजेक्शन मात्र तेवढंच राहिलं होतं. पहिल्या चुकीनं तिची साखर वाढली. दुसरी चूक, गुपचूप काटा सुधारण्याची, जास्त वाईट होती.

"थांबा, मला—" तो म्हणाला.

"उद्या सांगा. भावाची गाडी यायची वेळ झाली." छत्री उघडत ती निघाली, वळून एकदा हसली. त्या हसण्यापायी तो जागच्या जागी उभा राहिला. आता सांगितलं तर हे हसणं पुन्हा मिळायचं नाही, असं त्याला वाटलं आणि त्यानं ती एक दुपार जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर पायरीवर तिची आई. चष्म्याआड डोळे सुजलेले.

"काल दुपारी सगळे जेवायला बसलो होतो," ती सांगू लागली. "पोरगी घामाघूम झालेली, काहीबाही बोलायला लागली. सुनेनं केक पुढे केला तर हिनं बशीच भिरकावली. सगळे म्हणाले, नखरे. मीसुद्धा... मीसुद्धा म्हटलं, पाहुण्यांसमोर तमाशा नको. तर खुर्चीवरून खालीच आली. ह्यांना उठवत नाही, पण आतल्या खोलीतून ह्यांनाच कळलं. ओरडले, अगं साखर दे तिला, जीभ जड झालीये तिची. साखरपाणी पाजलं, तेव्हा कुठे माणसात आली." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुम्ही काटा परत नीट केलात का?"

"केला."

"मला सांगितलं नाहीत."

"तिलाही नाही सांगितलं, मावशी."

आई पुढे झुकली. "मग असं करा. पुन्हा होता तसा करून द्या. शंभराला ऐंशी. इंजेक्शन वाढलेलंच आहे, ताटही वाढेल, सगळं जुळून येईल. कुणाला कळायला नको. आधीच घरात आग लागलीये, त्यात हे कळलं तर पोरगी मला जन्मात माफ करायची नाही."

गंमत अशी की तिचं गणित बरोबर होतं. जुळलं असतं सगळं. मुलगी सुखरूप, आईची अब्रू शाबूत, आणि काटेवाल्याची दुपारची पाहुणीही रोज आली असती. एवढं स्वस्तात सुटायची संधी माणसाला वारंवार येत नाही.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "पुढच्या वेळी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या काट्यावर तोलून जेवली तर? तेव्हा साखर दे म्हणायला कोण असेल?" त्यानं शटर ओढलं आणि तो वाचनालयाकडे चालू लागला. आई मागून येतेय की नाही, हे त्यानं वळून पाहिलं नाही.

ती टेबलाशी बसून एका जाड पुस्तकाची पाठ शिवत होती. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. घरात भावाचं बोलणं ऐकण्यापेक्षा कामावर बरी, असं तिनं ठरवलं असणार. त्याला पाहून ती हसणार तेवढ्यात तो उभ्या उभ्या बोलून मोकळा झाला.

"तुमचा काटा खोटा होता. शंभराला ऐंशी दाखवत होता. तसा तो मीच करून दिला होता. तुम्ही आणलात तेव्हा गुपचूप सुधारला आणि धूळ होती म्हणालो. तुमचा काही दोष नव्हता. एक कणसुद्धा तुम्ही जास्तीचा चोरून खाल्ला नव्हतात."

सुई थांबली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते रागाचं नव्हतं.

"मी रात्री डब्यांना दोरे बांधून झोपायचे," ती म्हणाली. "सकाळी दोरे तसेच असायचे, तरी मला खरं वाटायचं नाही." तिनं मनगटानं डोळे पुसले. "तुमच्याकडे काटा कुणी आणला होता?"

काटेवाल्यानं टेबलावरचा दोरा उगाच गुंडाळला.

"मी," दारातून आवाज आला. आई धापा टाकत उभी होती. "मी नेला होता."

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मुलीनं फोन उचलला, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बदली डॉक्टरांना लावला, आणि शिवणाऱ्या बाईच्या शांतपणानं एकेक तारीख, एकेक आकडा सांगितला. इंजेक्शनचं जुनं माप पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतलं. फोन ठेवून आईसाठी स्टूल ओढलं.

"आई, तुला भीती वाटत होती ना?"

"बाबा असे पडले," आई म्हणाली. "तू अशी बारीक होत चाललेली. मला कुणालाच धरून ठेवता येईना गं."

"मग भीती वाटते म्हणून सांग. ताटात नको वाढूस." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी रागावले आहे. पण घरी जा आणि दादाला सांग की ते नखरे नव्हते. हे तूच सांगायला हवंस."

आईनं मान डोलावली. जाताना ती लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेली, मध्येच थबकली, आणि मग ठेवलाच.

खोलीत दोघंच उरली. काटेवाल्याला वाटलं, आता आपणही निघावं. पण आलोच आहोत तर सगळंच सांगून जावं, असं त्यानं ठरवलं.

"मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. "म्हणूनच सांगायला उशीर झाला. सबब नाही ही... फक्त खरं आहे ते."

"ते नाशपती तोलत होतात तेव्हाच कळलं होतं मला." ती सुईत दोरा ओवत होती, वर बघत नव्हती. "काटा बिघडवलात त्याचा राग नाही. आईनं रडून भल्याभल्यांना वाकवलंय. पण मी म्हणाले 'म्हणजे माझाच', आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. तो राग आहे. तो लवकर जायचा नाही."

"मी थांबतो."

"दुकानात बसून नाही जायचा तो."

"मग?"

तिनं दोरा ताणून गाठ मारली, पुस्तक बाजूला ठेवलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं. डोळे अजून ओले होते, आणि पहिल्या दिवसासारखेच थेट.

"उद्या दुपारी इथे ये. मी बोलेनच असं नाही." ती क्षणभर थांबली. "आणि जेवून येऊ नकोस."