रुमालाखालचं मत

आमच्या फुटबॉल क्लबाने मॅनेजरला काढलं त्या रविवारी मी विष्णुपुरीच्या कॉलेजबाहेर ग्यानोबामामांच्या टपरीवर चहाला गेले, तर एक उंच, सावळा मुलगा बाकावर उभा राहून भाषण ठोकत होता.

"मॅनेजर घरचाच पाहिजे. आपला जुना कप्तान. दुसरं नाव काढायचं न्हाई."

क्लब इंग्लंडातला, भाषण इस्लापूरच्या मराठीत, आणि समोर सात जण माना डोलावतायत. मला राहवलं नाही.

"कप्तानाने आजवर एक तरी संघ सांभाळलाय का?" मी मागून विचारलं. "खेळता आलं म्हणजे खेळवता येतं, असं कुणी सांगितलं? बाहेरचा माणूस आणा. चर्चेत आहे तो परदेशी कोच आणा, मास्तरच आहे तो, शिस्त तरी लागेल."

तो वळला. आधी माझ्या अंगातली क्लबची जर्सी पाहिली, मग मला... जरा जास्तच वेळ.

"तुम्ही कुठल्या?"

"लातूरची. सृष्टी."

"तरीच. खामखा भांडायला तयार."

"आणि तुम्ही बाकावर चढून काय करायलात?"

"समजावून राहिलो."

"मग खाली उतरून समजवा. मान दुखायली माझी."

तो उतरला. त्याचं नाव सुदर्शन, गाव इस्लापूर. उतरल्यावरही उंचच होता, आणि हसताना खाली बघायचा. हे मी त्याच दिवशी टिपून ठेवलं, उगाच कशाला लपवू?

मग दर रविवारी तोच वाद. क्लब निर्णय घेईना आणि आम्ही थांबेना. हात वर करून मत घ्यावं, तर सगळे आधी सुदर्शनच्या तोंडाकडे बघायचे. शेवटी मी आमच्या घरचा उपाय काढला. लातूरला आमची अडत आहे, शेतमालाचे सौदे करून देणारं दुकान. आजोबांच्या काळी तिथे भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. सौदा पटला की रुमाल काढायचा. आमचं मतही तसंच. माझं एक बोट दाबलं तर कप्तान, दोन दाबली तर मास्तर. मोजणार मी.

बाकीच्यांची मतं चुटकीसरशी व्हायची. सुदर्शनला वेळ लागायचा. बोट एकच... पण सोडायचा नाही.

"झालं ना मत?"

"विचार करून राहिलो."

"बोट सोडून करता येतो विचार."

"न्हाई येत. करून बघितलं."

ग्यानोबामामा चहा गाळता गाळता खोकायचे. मी रुमाल ओढून घ्यायचे, पण फार घाईने नाही.

असे पाच रविवार गेले आणि अप्पांचा फोन आला. मुरुडचं स्थळ बघायला येतंय, मंगळवारी लातूरला ये. मुलगा चांगला, घर आपल्यातलं. अप्पांना नाही म्हणायला मी घाबरत नव्हते. पण कुणासाठी नाही म्हणायचं? मला सुदर्शन हवा होता, हे माझ्यापुरतं ठरलं होतं. त्याने मात्र इतके दिवस बोट धरून तोंडाने एक शब्द काढला नव्हता.

सहावा रविवार शेवटच्या मताचा, कारण सोमवारी क्लब नाव जाहीर करणार होता. बाकावर भाजलेल्या हरभऱ्याचा ढीग, धरणावरून येणारा गार वारा. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मंगळवारी लातूरला चाललेय. पाहुणे बघायला येणारेत."

सुदर्शनच्या हातातला हरभरा हातातच राहिला.

मतं झाली. सात जणांत कप्तानाला चार, मास्तरला तीन आणि माझं चौथं. उरला सुदर्शन. रुमालाखाली त्याचा हात गारठला होता. त्याने माझं एक बोट धरलं... थांबला... आणि दुसरंही धरलं.

माझा संताप झाला.

"हे काय? सहा आठवडे कप्तान, कप्तान. आज काय झालं?"

"तू जायलीस... म्हटलं, जाताना तुझ्या मनासारखं व्हावं."

पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता. तरी मी विरघळले नाही.

"माझ्या मनासारखं मी करून घेते. समोरच्याचं तोंड बघून भाव फिरवणाऱ्याला आमचे अप्पा दुकानाची पायरी चढू देत न्हाईत. मी त्यांचीच लेक हाय. खरं मत दे."

"हरशील."

"हरू दे."

त्याने एक बोट सोडलं. दुसरं घट्ट दाबलं.

"कप्तान," तो म्हणाला. "मास्तर तेव्हाबी पटला न्हाई, आताबी न्हाई. तू म्हणलीस म्हणून तर बिलकुल न्हाई."

"पाच-चार," मी सगळ्यांना सांगितलं. "कप्तान जिंकला."

हरून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. हा माणूस जन्मभर माझ्याशी भांडेल, पण खोटं हो म्हणणार नाही.

बोट अजून त्याच्याच हातात होतं.

"आणखी काही सांगायचं असेल तर..." मी म्हटलं, "रुमाल हाय अजून."

"ते रुमालाखाली न्हाई सांगायचं."

आणि त्याने रुमाल काढला. सगळ्या टपरीदेखत, सकाळच्या उन्हात, माझा हात त्याच्या हातात.

"तू मला आवडतीस. पहिल्या रविवारपासून. मंगळवारी मीबी येतो लातूरला."

"अप्पा बाहेरच्याला सहजासहजी हो म्हणणार न्हाईत."

"माहीत हाय. पण बाहेरच्याच्या बाजूनं भांडायची सहा आठवडे तालीम झाली ना तुझी?"

मी हसतच अप्पांना फोन लावला. म्हटलं, पाहुण्यांना थांबवा, मी माझा माणूस घेऊन येतेय. अप्पांनी आधी त्याचं गाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "आण. बघतो."

सोमवारी क्लबाने तिसराच मॅनेजर नेमला. त्याचं नाव आमच्या नऊ जणांपैकी एकानेही घेतलं नव्हतं. मंगळवारच्या बसमध्ये आम्ही लोह्यापर्यंत त्याच्यावरून भांडलो. अहमदपूर गेलं तसा सुदर्शन शर्टाची कॉलर पुन्हापुन्हा सारखी करायला लागला.

"घाबरलास?"

"हाव," तो म्हणाला.

खरं तेच बोलला. मी त्याचा हात हातात घेतला. रुमाल पर्समध्येच राहू दिला.