वाऱ्याला वास नव्हता

"काका, कोटाची चेन गळ्यापर्यंत लावा. आणि अत्तर लावलंय का तुम्ही?"

"थोडंसंच," आजचे पर्यटक रत्नपारखी म्हणाले.

शाल्मली गवसने कपाळावर हात मारून घेतला. किनाऱ्यालगतच्या त्या सदाहरित जंगलात ती पर्यटकांना सांबरं दाखवायची. पूर्वी वाऱ्याची दिशा बघून लांबच्या मचाणावर निपचित बसावं लागे, आणि एवढं करूनही बहुतेकदा हललेली पानंच दिसत. निर्गंध कोट आले नि सगळं सोपं झालं. त्याचे सूक्ष्म तंतू अंगाचा वास शोषून घेत, वरचा थर मागच्या झाडीचा रंग धरी. सांबर जगतं ते नाकाच्या जोरावर. कोटातला माणूस त्याच्या लेखी नसायचाच.

म्हणूनच तर शाल्मलीचा जीव मेटाकुटीला आला होता. आपण दिसत नाही म्हटलं, की माणसाला थांबायचं कुठं तेच कळत नाही.

पाणवठ्यावर माद्या उतरल्या. एकीच्या पायांत पाडस घुटमळत होतं. रत्नपारखी पुढं सरकले.

"मागं या," शाल्मली कुजबुजली.

"अहो, तिला कुठं कळतंय?"

"तिला कळत नाही, म्हणून तर तुम्हाला कळायला हवं!"

पण त्यांचा हात पाडसाच्या पाठीवर पडला होता. पाडस किंचाळलं. मादीनं गर्रकन वळून नाक वर केलं, हवा हुंगली. काहीच नव्हतं. तिनं पुढचा पाय आपटला, 'ढाँक' अशी आरोळी दिली आणि सगळा कळप झाडीत घुसला.

त्यानंतर मादी पाणवठ्यापर्यंत यायची, पण मान खाली घालायची नाही. वारा स्वच्छ, बिनवासाचा असला की जास्तच थरथरायची. ऐन उन्हाळ्यात तिचं दूध आटलं, पाडसाच्या बरगड्या दिसू लागल्या.

"कोट बंद करा," शाल्मलीनं शिबिराचे व्यवस्थापक खानोलकर यांना सांगितलं.

"बंद कशाला? पुढच्या महिन्यात पावलांचा आवाज गिळणारे बूटही येतायत!"

तिनं कोट काढून त्यांच्या टेबलावर टाकला आणि तडक पाणवठा गाठला. वारा तिच्याकडून झाडीकडे वाहत होता. घामेजलेली ती तशीच उघड्यावर एका दगडावर बसली.

बऱ्याच वेळानं मादी आली. माणसाचा वास लागताच तिनं आरोळी दिली. शाल्मली हलली नाही. मादी तिच्याकडे रोखून बघत राहिली, मग वळसा घालून पलीकडच्या काठाला गेली. पाडसाला आडोशाला घेऊन, एक डोळा शाल्मलीवर ठेवून, ती पाणी प्यायली. धोका कुठं बसलाय ते तिला आज ठाऊक होतं.

शाल्मलीचे डोळे भरून आले, पण राग काही उतरेना. ती रोज इथं बसेलही. पण ज्या दिवशी वाऱ्याला कसलाच वास नसेल, त्या दिवशी या मादीनं काय समजायचं?